जोडीतला हलका

दुपारच्या सुट्टीत शाळेसमोरच्या एसटीडी बूथवाल्यानं कंपाउंडच्या भिंतीवरून हाक मारली, "गुरुजी, केडगावचा फोन हाय." केडगावहून मला फोन करणारा माणूस एकच, दिलीप, आणि दिलीप उगाच फोनवर पैसे घालवणाऱ्यातला नाही. त्यामुळे रिसीव्हर कानाला लावण्याआधीच मला काय ते कळलं होतं. तो म्हणाला, "तात्या गेले रे." त्याच्या मागून पुणे रस्त्यावरच्या ट्रकचे आवाज येत होते. मी "निघतो" म्हणालो, फोन ठेवला आणि रजेचा अर्ज द्यायचा सोडून सरळ सातवीच्या वर्गात जाऊन उभा राहिलो. पोरं डबे पुसत होती, एकमेकांच्या टोप्या पळवत होती. याच वयाचे होतो आम्ही, मी आणि दिलीप, तात्यांच्या हाती लागलो तेव्हा. एवढे लहान होतो, हे त्या दिवशी त्या पोरांच्या मनगटांकडे बघताना मला पहिल्यांदा नीट दिसलं.

भानुदासतात्या हे नाव या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकलेलं असेल. सायकलच्या शर्यतीत नाव लागतं ते पैसे लावणाऱ्याचं, फार तर पळणाऱ्याचं. पळवणाऱ्याचं लागत नाही. मीही आज त्यांची थोरवी गायला बसलेलो नाही. त्यांनी आम्हाला रस्ता दिला आणि त्याच हातानं सुईही दिली. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. पोरपणी मी ज्या शर्यती मारल्या, त्या माझ्या पायांनी मारल्या की त्यांच्या सुईनं, तेवढं त्यांनी सांगावं. कित्येक वर्षं ते गप्प राहिले. जाण्याच्या थोडे दिवस आधी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि उत्तर दिलं. ते उत्तर मनात धरून मी सुखात होतो, अगदी त्यांच्या दहाव्यापर्यंत.

तात्या मूळचे बैलगाड्यांचे. सुप्याच्या पुढे हायवे सोडून आत उतारावर त्यांचं घर आणि घराला लागून लांबलचक गोठा. त्यांची जोडी जत्रेत उतरली की बाकीचे गाडेवाले दुसऱ्या-तिसऱ्या नंबराच्याच गोष्टी बोलत, असं म्हातारे सांगतात. मी ते बघितलेलं नाही. मी ऐकलं ते एवढंच, की त्यांचा लाडका बैल एका शर्यतीत निकालाच्या रेषेपलीकडे जाऊन गुडघ्यांवर बसला आणि परत उठला नाही. त्याच आठवड्यात तात्यांनी जोडीतला दुसराही विकून टाकला आणि माळ घातल्यासारखे शर्यतीपासून लांब झाले. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. त्याच सुमारास आमच्या भागात सायकलच्या शर्यतींचं पेव फुटलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, कारखान्याचा गळीत हंगाम असो की गावची जत्रा, सायकली पळायच्याच. बक्षिसाला भिंतीवरची घड्याळं ठरलेली. आमच्या घरात त्या काळी भिंती कमी आणि घड्याळं जास्त होती, आणि त्यांतली दोन कधी एक वेळ दाखवत नसत.

मी तेव्हा गावातलं दूध डेअरीला पोचवायचो. हँडलला दोन्ही बाजूंनी किटल्या, समोरून नगर रोडचा वारा. तात्या फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसलेले असायचे. एके दिवशी त्यांनी मला थांबवलं, किटलीचं झाकण काढून आत बघितलं आणि म्हणाले, "येवढा हानतोय सायकल, पन दूध हिंदकळंना." मग माझी हनुवटी धरली आणि म्हणाले, "आ कर." मी आ केला. बैलाचे दात बघतात तसे त्यांनी माझे दात बघितले. ज्याचे दुधाचे दात पडलेले नाहीत अशा खोंडाला शर्यतीच्या भाषेत आदत म्हणतात, आणि तात्यांचा सगळा जीव आदत खोंडावर. माझी एक दाढ अजून दुधाची होती. ती त्यांनी बोटानं हलवून बघितली आणि खूश होऊन म्हणाले, "आदत हाय. बापाला सांग, तात्यानं मागितलाय." माझ्या वडलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. आपल्याला कोणीतरी मागितलं, याचाच मला तेव्हा अभिमान वाटला.

दिलीप माझ्या आधीपासून तिथं होता. केडगावचा, बौद्ध कुटुंबातला, वडील कारखान्यात कामाला. माझ्यापेक्षा अंगानं बारीक, पण पायडलवर उभा राहिला की मागून बघताना वाटायचं, हा थकायला विसरलाय. तात्यांनी आमची जोडी लावली. जोडी हा त्यांचाच शब्द. नगर रोडवर वारा इतका की एकट्यानं पळण्यात अर्थ नाही. एकानं पुढं राहून वारा फोडायचा, दुसऱ्यानं त्याच्या चाकाला चाक लावून दम राखायचा आणि शेवटच्या टप्प्यात बाहेर पडून निघून जायचं. वारा दिलीप फोडायचा, निघून मी जायचो. घड्याळ मला मिळायचं. यावर दिलीप कधी कुरकुरला नाही. "तू मागं हायेस म्हणून मला पुढं पळता येतंय," असं तो म्हणायचा, आणि मला ते खरंच वाटायचं.

शर्यत मोठ्यांची असायची. पुण्याकडून, नाशकाकडून मिशा फुटलेले गडी यायचे, काहींच्या सायकली बाहेरच्या देशातल्या. त्यांच्यात आम्ही हाफ पँटीतली पोरं. लोकांना तेच बघायचं होतं. पोरानं बाप्याला मागं टाकलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टोप्या उडायच्या. आमच्यावर पैसे लावणारे एक शेठ होते, वीटभट्ट्या आणि ट्रकवाले. बैलांच्या काळात तात्यांची जोडी त्यांच्याच नावानं पळायची, आता आम्ही पळू लागलो. शर्यतीच्या पत्रकावर बैलाच्या मालकाचं नाव छापतात तसं आमच्या जागी त्यांचं नाव असे. माइकवाला ओरडायचा, "आली, शेठची आली!" काय आली ते म्हणायचीही त्याला गरज वाटत नसे. पुढे पुढे आणखी मालक झाले, आणखी पोरं आली, आणि दर हंगामाला वय खाली खाली जाऊ लागलं. तात्या सोळा वर्षांच्या पोराला बघून म्हणायचे, "ह्यो आता थोराड झाला."

माया नव्हती असं नाही. माया होती म्हणून तर आजही सुटका नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात, तूप-हळद लावून खांदे चोळायचे, वर्षभर जू ओढून ते सुजलेले असतात म्हणून, आणि मग बैलाला सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." तात्यांच्या गोठ्यात बैल उरले नव्हते. त्यांनी आम्हाला ओळीनं बसवलं आणि आमच्या मांड्या तूप-हळदीनं चोळल्या. त्यांचे हात खरबरीत होते, पण दुखतं कुठं ते त्या हातांना बरोबर सापडायचं. प्रत्येकाच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." दुसऱ्या दिवशी माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आम्हाला पुरणपोळी वाढली आणि त्या दिवशी कोणी सायकलला हातही लावायचा नाही असा तात्यांचा हुकूम होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लाडाचा दिवस. पण दिलीप पिवळ्या मांड्या घेऊन घरी गेला आणि त्याचे वडील दुसऱ्या रविवारी गोठ्यात आले. शांत माणूस. उभ्याउभ्याच म्हणाले, "तात्या, आमच्या लई पिढ्या गावाचं वझं वाहण्यात गेल्या. माझ्या पोराला पळवा, पण त्याला बैल करू नका." तात्या म्हणाले, "बैल न्हाई वो. लेकरू हाय माझं." आणि मला खात्री आहे, त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दोन्हीत फरक करता येत नव्हता, एवढंच.

सुई कधी सुरू झाली ते सांगता येत नाही. आधी लिंबू-साखरेचं पाणी होतं, मग ग्लुकोज. मग एका शर्यतीत पुण्याच्या गड्यांनी आम्हाला धूळ चारली आणि शेठ तिथल्या तिथं तात्यांना म्हणाले, "बैलाला देत होता ते पोरांना का देत न्हाई?" हे सगळ्यांसमोर, हसत हसत. पुढच्या शर्यतीच्या सकाळी गोठ्यात स्टोव्हवर दुधाच्या पातेल्यात सिरिंज उकळत होती. तात्यांनी आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बाटल्यांवरचे कागद खरवडून काढलेले. तात्या औषध कुठून आणायचे, कोण द्यायचं, आम्हाला कधी कळलं नाही; पण बैलांसाठी जिथून यायचं तिथूनच येत असणार, आणि मापही तिथलंच असणार. एकदा ते माझ्या वजनाचा अंदाज घेत स्वतःशीच म्हणाले होते, "म्हंजी सहा म्हयन्याचं वासरू." मी विचारलं, "तात्या, काय हाय ह्यात?" ते म्हणाले, "ताकदीचं हाय." दिलीपनं विचारलं, "दोघांना एकच का?" ते म्हणाले, "सगळ्यांना सारखंच."

पण ते सारखं नव्हतं. हे आम्हाला फाट्यावरच्या एका म्हाताऱ्या गाडेवाल्यानं सांगितलं. जोडीत एक बैल तगडा असतो, एक हलका. तगड्याला जोर दिला तर गाडा वाकडा पळतो. म्हणून औषध द्यायचं ते हलक्याला, आणि तगड्याला नुसतं पाणी टोचायचं, म्हणजे दोघांची सवय एक राहते. हाकणाऱ्यालासुद्धा सांगायचं नाही कुठल्यात काय आहे; कळलं की त्याचा हात बदलतो. तात्या याच रीतीत वाढलेले. त्यांनी तीच रीत उचलून जशीच्या तशी पोरांना लावली. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो... हलका कोण? घड्याळं माझ्या घरी, म्हणजे मी तगडा. पण वारा तो फोडायचा, म्हणजे तो तगडा. सुई घेतल्यावर माझी छाती धडधडायची, तोंड कोरडं पडायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. दिलीप म्हणायचा, माझंही तसंच होतं. पण शर्यतीच्या सकाळी कोणत्या पोराची छाती धडधडत नाही?

ती शर्यत एका जत्रेतली, चैत्रातली. रस्त्यावरचं डांबर टायरला चिकटत होतं. परतीच्या वाटेवर समोरून वारा आला आणि दिलीपनं तो इतका वेळ फोडला की मी मागून ओरडून सांगितलं, आता मला पुढं येऊ दे. त्यानं मान हलवली नाही. पायडल मात्र चालूच होतं. शेवटच्या टप्प्यावर ठरल्याप्रमाणे तो बाजूला झाला आणि मी निघालो. मी रेषा ओलांडली, हार पडला, गुलाल उधळला, शेठनं मला खांद्यावर घेतलं. दिलीप येईना. बऱ्याच वेळानं एक टेम्पो आला, त्यात मागं तो आडवा, ओठ पांढरे, आणि त्याचे पाय हवेत अजून फिरत होते, सायकल नसताना. ते मी नंतर कितीतरी वर्षं बघत आलोय. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरनं तात्यांना विचारलं, "याला काय दिलं होतं?" तात्यांनी हात जोडले. पुन्हा विचारलं, तरी हातच जोडले. दिलीप वाचला. पण हृदय दुबळं झालं ते झालंच. सायकल बंद, ओझं बंद, जिना चढायचा तर थांबून थांबून.

त्या दिवसानंतर तात्यांनी एकही पोरगा पळवला नाही. शेठनं दुसरा माणूस बघितला, शर्यती चालूच राहिल्या, आणखी लहान पोरं आली. मीही सोडलं आणि पुस्तकांना लागलो. तात्या दर बाजारच्या दिवशी एसटीनं केडगावला जायचे, धोतराच्या सोग्यात गावरान अंडी बांधून. दिलीपच्या वडलांनी त्यांना घरात घेतलं नाही. मग ते समोरच्या बाजूला उभे राहायचे, कोणीतरी अंडी आत नेऊन द्यायचं, आणि ते परतीची गाडी धरायचे. पुढे दिलीप चुलत्याच्या सायकल दुकानात बसू लागला, चाकांचे आरे ताणायला, तेव्हा तात्या दुकानात येऊन स्टुलावर बसायचे. बोलणं नाही. मी जेव्हा जेव्हा विचारलं, "तात्या, माझ्यात काय होतं?" तेव्हा उत्तर एकच, "सगळ्यांना सारखंच." मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो. मास्तरकी करताना पोरांना पळायला लावतो, शिट्टी वाजवतो, आणि पहिल्या आलेल्या पोराच्या पाठीवर शाबासकी देताना मनात येतं, आपल्याला ही शाबासकी खरी मिळाली होती का...

तात्यांना घशाचा आजार झाला. शेवटी त्यांनी स्वतःच खाट गोठ्यात हलवायला लावली, घरात कोंडतं म्हणून. निरोप आला तसा मी नोकरीच्या गावाहून, संगमनेरहून, गेलो. ओळखू येत नव्हते. मला खाटेच्या कडेवर बसवलं, माईंना बाहेर पाठवलं आणि आवाज नव्हताच, नुसत्या श्वासानं म्हणाले, "सुभ्या, तुला लई दिसांचं इचारायचं हुतं ना? पानीच हुतं रं तुज्यात. तू आपल्या पायानं पळला." मी त्यांचा हात धरला. मग ते म्हणाले, "तगडा हुतास तू." परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडलो, आणि शेजारच्या बाईनं न विचारता मला पाण्याची बाटली दिली. नंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगायला लाज वाटते, इतका आनंदात होतो. घरी आईला सांगून माळ्यावरची घड्याळं काढली, पुसली, सेल घातले. दिलीपचा विचार आला नाही असं नाही. मी तगडा, तर तो हलका. माझ्यात पाणी, तर त्याच्यात ते. पण तो विचार मी पुढं ढकलत राहिलो.

दहाव्याला गर्दी होती. आमच्याकडे दहाव्यात भाषणं होतात. शेठही बोलले, आता त्यांचे केस पिकलेत. "तात्यांनी आणि आम्ही मिळून या मातीतून सायकलपटू घडवले," असं म्हणाले, आणि माझ्याकडे व दिलीपकडे हात करून, "ही आमची पोरं." दिलीपनं खाली बघितलं, मी दुसरीकडे. जेवणं झाल्यावर माई म्हणाल्या, "गोठ्यात बसा जरा, गार हाय." आम्ही दोघं तात्यांच्या मोकळ्या खाटेवर बसलो. दिलीपचा चेहरा मला वेगळाच वाटत होता, खूप दिवसांनी झोप झालेल्या माणसासारखा. तो म्हणाला, "तुला एक सांगू का? तात्यांनी मला बोलवून घेतलं हुतं. म्हणाले, दिल्या, तुज्यात पानी हुतं. नुसतं पानी. उन्हानं पडलास तू, बाळा, माज्यामुळं न्हाई." तो पुढं म्हणाला, "म्हणाले, तगडा तूच हुतास. बरं वाटलं रे. मला वाटायचं तात्यानं मला मारलं. एवढी वर्षं वाटायचं." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तुला काय म्हणले?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. बोलावलंच नाही म्हणावं, सगळं पाणी त्याला देऊन टाकावं. पण मग त्यानं आयुष्यभर मला हलका धरलं असतं. शिवाय तात्यांनी एकाला बोलावलं नाही हेही त्याला पटलं नसतं. मी म्हणालो, "तेच म्हणाले. पाणी." मला वाटलं, आता याला कळेल. दोघांपैकी एकाशी तात्या खोटं बोलले, मरताना बोलले, आणि कोणाशी ते आता कोणीच सांगू शकत नाही. पण त्याच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. "म्हंजी कुणालाच काय न्हवतं," तो म्हणाला. "आपण दोघंबी पान्यावरच पळलो की." त्याचा विश्वास बसला. अगदी एका दमात बसला. माझा काही बसत नाही. कागद खरवडलेल्या त्या बाटल्या, तोंडाची ती कोरड, वासराचा तो हिशेब... पाण्यासाठी कोणी माप काढत नाही.

माईंना सांगून आम्ही निघालो. गोठ्यापासून हायवेपर्यंत चढ आहे, फार नाही. त्या काळी आम्ही तो सायकलवर उभं न राहता चढायचो. दिलीप बाभळीपाशी थांबला, छातीवर हात ठेवून. मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकलो, तो नीटच होता. तो पुन्हा चालला, पुन्हा थांबला. हायवेवरून एक पोरगा सायकल दामटत गेला, मागं कोणाचीतरी मोटारसायकल, तिच्यावरचा माणूस त्याला ओरडून वेळ सांगत होता. पोरगा अगदी लहान होता. दिलीप त्याच्याकडे दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "नुसत्या पान्यावर, सुभ्या," आणि उरलेला चढ चढायला त्यानं माझा खांदा धरला.